कढीपत्त्यावरची बहुरूपी

शाळेच्या आवारात किंवा जवळपास कढीपत्त्याचे झाड असेल, तर पावसाळ्यात त्याची कोवळी पाने एकदा नीट पाहा. एखाद्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काही दिसेल. काडीने हलकेच डिवचले तर त्या 'शिटे'च्या डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. ही कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची अळी. लिंबू, संत्रे, बेल यांच्या झाडांवरही ती सापडते. वाढत गेली की ती हिरवी होते, मग कोष करते. अंड्यापासून पंखांपर्यंतचा सारा प्रवास साधारण महिनाभरात उरकतो.

या फुलपाखराचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटेस. मराठीत त्याला 'बहुरूपी' म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, पण त्यातली खरी बहुरूपी फक्त मादी आहे. नर सगळीकडे एकाच रूपाचा: काळे पंख, आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा. मादी मात्र आपल्याकडे तीन रूपांत आढळते. पहिले रूप नरासारखेच दिसते. त्याला 'सायरस' म्हणतात. दुसऱ्या रूपात मागच्या पंखाच्या मध्यभागी पांढरा डाग आणि कडेला तांबडे ठिपके असतात, हे 'स्टिकिअस'. तिसऱ्या रूपात पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपक्यांच्या रांगा असतात, हे 'रोम्युलस'. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन किंवा तिन्ही प्रकारच्या मुली निघू शकतात. मुलगे मात्र सगळे सारखे.

या तीन मुलींनी जीवशास्त्रज्ञांना दीडशेहून अधिक वर्षे कामाला लावले आहे. उत्क्रांती लहान लहान पावलांनी होते की मोठ्या उड्यांनी, या प्रश्नावरचा एक लांबलेला वाद ज्या थोड्या प्राण्यांच्या आधाराने लढला गेला, त्यांत आपल्या परसातले हे फुलपाखरू होते. त्या वादाची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

एक जाती की दोन?

कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांची जी प्रसिद्ध यादी छापली, तीत हे फुलपाखरू दोनदा आले आहे. नराला त्याने 'पॅमॉन' हे नाव दिले आणि नक्कल करणाऱ्या मादीला 'पॉलिटेस'. ही दोन वेगळ्या जातींची फुलपाखरे आहेत असेच त्याने मानले. यात त्याला दोष देता येणार नाही. टाचणी लावलेले मृत नमुने समोर ठेवले, तर आपणही हेच केले असते. आई, मुलगी आणि भाऊ यांचे नाते सुकलेल्या पंखांवर लिहिलेले नसते.

हा गुंता सोडवणाऱ्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस प्रमुख होता. मलाय द्वीपसमूहातल्या पॅपिलिओ कुळातील फुलपाखरांवर त्याने लिहिलेला मोठा निबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला. पॉलिटेस आणि त्याच्याच जवळचे मेमनॉन या जातींत एकाच जातीच्या माद्या अनेक रूपांच्या असतात, आणि त्यांतली काही रूपे दुसऱ्याच फुलपाखरांची नक्कल असतात, हे त्याने तेथे दाखवून दिले.

ही नक्कल कशासाठी? याचे उत्तर वॉलेसच्या मित्राने थोडे आधीच दिले होते. हेन्री वॉल्टर बेट्स हा १८४८ साली वॉलेसबरोबरच ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि अकरा वर्षे तेथे राहिला. पक्षी ज्यांना तोंड लावत नाहीत अशी भडक रंगांची, संथ उडणारी फुलपाखरे त्याने तेथे पाहिली. त्यांच्याच थव्यात हुबेहूब तशीच दिसणारी, पण वेगळ्या कुळातली काही थोडी फुलपाखरेही उडत होती. बेट्सने १८६२ साली याचा अर्थ लावला. पहिली फुलपाखरे बेचव किंवा विषारी आहेत. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. दुसरी खाण्याजोगी आहेत, पण पहिल्यांसारखी दिसत असल्यामुळे वाचतात. अशा नकलेला आजही 'बेट्सची अनुकृती' असेच म्हणतात. डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. नैसर्गिक निवडीचा इतका बोलका पुरावा मिळाल्याने डार्विनला फार आनंद झाला.

आपल्या बहुरूपीची नक्कलही याच प्रकारची आहे. तिची स्टिकिअस ही मादी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी दिसते, तर रोम्युलस ही क्रिमझन रोझसारखी. या दोन्ही 'रोझ' फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या (सापसंदाच्या) वेलीवर वाढतात. त्या वेलीतली विषारी द्रव्ये अळीच्या अंगात साठतात आणि पुढे फुलपाखरातही उतरतात. मूळ आणि नक्कल ओळखण्याची एक सोपी खूण विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे: पंखांकडे पाहू नका, अंगाकडे पाहा. रोझचे अंग लालभडक असते, बहुरूपीचे काळे. पक्ष्याला मात्र उडत्या फुलपाखराचे अंग निरखायला तेवढा वेळ मिळत नसावा.

नक्कल फक्त मादीच का करते, हाही प्रश्न जुनाच आहे. अंड्यांच्या ओझ्याने तिचे उडणे जड होते आणि अंडी घालायला तिला पानापानाशी रेंगाळावे लागते, म्हणून तिला संरक्षण अधिक हवे, असे वॉलेसचे म्हणणे होते. नराचे मूळ रूप बदलले तर माद्यांची पसंती किंवा इतर नरांशी होणारी चढाओढ आड येते, असेही अनेकांनी सुचवले आहे. शिवाय नकली फुलपाखरे फार वाढली, तर पक्ष्यांना 'लाल ठिपके म्हणजे वाईट चव' हा धडा मिळेनासा होतो. म्हणून एकाच सोंगाची गर्दी होण्यापेक्षा दोन-तीन सोंगे वाटून घेतलेली बरी.

श्रीलंकेतली वंशावळ

बेट्स आणि वॉलेस यांना आनुवंशिकतेचे नियम ठाऊक नव्हते. मेंडेलचे काम १९०० साली पुन्हा उजेडात आले, आणि त्यानंतरची काही वर्षे डार्विनच्या विचाराला कठीण गेली. उत्क्रांती घडली हे बहुतेकांना मान्य होते. ती नैसर्गिक निवडीने घडली का, याबद्दल मात्र पुष्कळांना शंका होती. मेंडेलचे गुण तर सुटे सुटे असत. वाटाणा गोल किंवा सुरकुतलेला, मधले काही नाही. मग डार्विन म्हणतो ते बारीक बारीक बदल कुठून येणार?

केंब्रिजचा रेजिनाल्ड पनेट हा या नव्या विचाराचा कडवा पुरस्कर्ता. आपण नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर जो चौकोन काढून संकराचे गुणोत्तर शिकवतो, तो याच पनेटचा. १९०९ साली तो श्रीलंकेला, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला गेला आणि तेथे त्याने बहुरूपीचे निरीक्षण केले. त्यानंतर जे. सी. एफ. फ्रायर या तरुण संशोधकाने सिलोनमध्येच ही फुलपाखरे पाळून त्यांची वंशावळ तयार करण्याचे काम हाती घेतले. त्याचा वृत्तांत १९१३ साली सादर झाला.

हे काम किती जिकिरीचे, याची कल्पना शिक्षकांना लगेच येईल. मेंडेलच्या वाटाण्यात प्रत्येक झाड आपला गुण दाखवत होते. येथे निम्मी प्रजा, म्हणजे सारे नर, आपल्या अंगात काय दडले आहे याचा पत्ताच लागू देत नाही. नराने कोणता घटक दिला, हे त्याच्या मुली पंख पसरतील तेव्हाच कळायचे. त्यातच बाहेरून पकडून आणलेल्या मादीचे मीलन एकाहून अधिक नरांशी झालेले असू शकते. म्हणून खात्रीची वंशावळ हवी तर मीलनही डोळ्यांसमोर व्हायला हवे.

फ्रायरचा निष्कर्ष असा: मादीचे रूप मेंडेलच्या नियमांनीच ठरते आणि त्यासाठी दोन घटक पुरतात. पहिला घटक असला की नरासारख्या मादीची स्टिकिअस होते. पहिल्याच्या जोडीला दुसराही असला, तर स्टिकिअसची रोम्युलस होते. पहिला नसताना दुसरा एकटा असला, तर तो काहीच करत नाही. नरांत दोन्ही घटक असू शकतात. ते दिसत मात्र नाहीत.

पनेटने १९१५ साली फुलपाखरांच्या अनुकृतीवर पुस्तक लिहिले, त्याचा हा मोठा आधार ठरला. त्याचा युक्तिवाद सरळ होता. नरासारख्या रूपातून रोझसारखे रूप एका-दोन घटकांनी होते, आणि मधली रूपे पाळलेल्या फुलपाखरांत दिसत नाहीत. अर्धवट नक्कल मादीच्या कामाचीही नाही. पक्षी अशा अर्ध्याकच्च्या सोंगाला फसणार कसा? तेव्हा हे रूप एका मोठ्या उत्परिवर्तनाने एका उडीतच आले असले पाहिजे. नैसर्गिक निवडीने ते घडवले नाही. आयते मिळालेले रूप फार तर टिकवून धरले.

गंमत अशी की याच पुस्तकाच्या शेवटी पनेटने एक छोटा तक्ता छापला होता. केंब्रिजचाच गणिती एच. टी. जे. नॉर्टन याने तो पनेटच्या विनंतीवरून तयार केला. एखाद्या रूपाला अमुक इतका फायदा मिळत असेल, तर ते प्रजेत पसरायला किती पिढ्या लागतील, याचा तो हिशेब होता. अगदी थोडा फायदाही पिढ्यांच्या ओघात मोठा बदल घडवतो, हे त्या आकड्यांवरून दिसत होते. निवडीला दुय्यम ठरवणाऱ्या पुस्तकातच निवडीचे बळ दाखवणारा तक्ता आला. पुढे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२४ पासून निवडीचे गणित मांडले, त्यामागे नॉर्टनच्या कामाची प्रेरणा होती. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

फिशरचे उत्तर

पनेटच्या युक्तिवादाला खरे उत्तर दिले ते रोनाल्ड फिशरने, आधी १९२७ साली आणि मग १९३० साली नैसर्गिक निवडीवरच्या आपल्या ग्रंथातल्या अनुकृतीच्या प्रकरणात. फिशरचा मुद्दा वर्गात सांगायला फार सोपा आहे. दिव्याचे बटण दाबले की खोली उजळते. म्हणून खोलीतली सारी वायरिंग त्या एका बटणाने, एका क्षणात तयार झाली, असे कोणी म्हणेल काय? आज दोन रूपांतला फरक एका घटकाने ठरतो, यावरून त्या घटकाच्या पहिल्याच दिवशी आजचे पूर्ण रूप अवतरले असे सिद्ध होत नाही. पहिल्या दिवशीचा बदल ओबडधोबड असेल. मग इतर अनेक जनुकांतल्या बारीक बदलांनी त्या बटणाचा परिणाम पिढ्यानपिढ्या सुधारत गेला असेल.

त्यासाठी फिशरने लिंगभेदाचा दाखला दिला. कित्येक प्राण्यांत नर की मादी हे एका साध्या आनुवंशिक फरकाने ठरते. पण मोर आणि लांडोर यांच्यातला सगळा फरक एका उत्परिवर्तनाने एका दिवसात आला, असे कोणीच मानत नाही. हा दाखला लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

वाद एवढ्यावर मिटला नाही. रिचर्ड गोल्डश्मिट याने १९४५ साली पुन्हा उडीची बाजू घेतली. आता युक्तिवादांपेक्षा पुराव्याची गरज होती, आणि तो मिळवायचा तर पुन्हा फुलपाखरे पाळणे भाग होते.

एक डॉक्टर, एक प्राणिशास्त्रज्ञ

सिरिल क्लार्क हे लिव्हरपूलचे नामांकित डॉक्टर. फुलपाखरे पाळणे हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद. १९५०च्या दशकात त्यांची गाठ फिलिप शेपर्ड या आनुवंशिकीच्या अभ्यासकाशी पडली आणि दोघांची जोडी जमली ती कायमची. ही मोठी फुलपाखरे पिंजऱ्यात आपणहून मीलन करायला फारशी राजी नसतात. तेव्हा नर आणि मादी दोन हातांत धरून त्यांचे मीलन घडवून आणण्याची रीत या दोघांनी वापरली आणि १९५६ साली ती छापूनही दिली. फ्रायरला भेडसावणारी बापाच्या खात्रीची अडचण यामुळे दूर झाली.

आफ्रिकेतले पॅपिलिओ डार्डेनस, आग्नेय आशियातले मेमनॉन आणि आपले पॉलिटेस अशा तीन जातींवर त्यांनी कित्येक वर्षे काम केले. डार्डेनसच्या बाबतीत त्यांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली. एकाच प्रदेशातल्या फुलपाखरांचा संकर केला, तर रूपे स्वच्छ वेगळी राहतात. पण मुख्य भूमीवरची नक्कल करणारी फुलपाखरे आणि मादागास्करची नक्कल न करणारी फुलपाखरे यांचा संकर केला, की संततीत अर्धवट, मिसळलेली रूपे निघतात. बटण तेच, पण घर परके असल्यामुळे दिवा नीट लागत नाही. फिशरचे सुधारणा करणारे जनुक खरोखर असतात, याचा हा पुरावा होता.

पॉलिटेसवरचा त्यांचा निबंध १९७२ साली आला. फ्रायरचे दोन घटक मानायची गरज नाही, गुणसूत्रावरच्या एकाच जागेने काम भागते, असे त्यांनी दाखवले. त्या जागेची तीन पर्यायी रूपे आहेत. आपण त्यांना र (रोम्युलस), स (स्टिकिअस) आणि न (नरासारखी) म्हणू. 'र' हा 'स' आणि 'न' या दोन्हींवर प्रभावी, 'स' फक्त 'न'वर प्रभावी, आणि 'न' सर्वांत अप्रभावी.

दोन्ही कल्पनांत फरक कसा पाडायचा, हे पनेटच्याच चौकोनाने वर्गात करून पाहता येईल. नरासारखी मादी घ्या. एक जागा मानली, तर ती 'नन' असणार आणि सर्व मुलांना 'न'च देणार. बापाकडे दोनच पर्याय असू शकतात. म्हणून तिच्या मुली फार तर दोन रूपांच्या होतील, तीन रूपांच्या कधीच नाहीत. फ्रायरचे दोन स्वतंत्र घटक मानले, तर दोन्ही घटकांची एकेक प्रत असलेला बाप मिळाल्यास तिला रोम्युलस, स्टिकिअस आणि नरासारखी अशा तिन्ही मुली १ : १ : २ या प्रमाणात होऊ शकतात. एका मादीची अंडी वाढवायची आणि मुली मोजायच्या, एवढ्यावर निर्णय लागतो.

आता दुसरा प्रश्न घ्या. 'रन' मादी आणि 'सन' नर यांच्या मुली कशा होतील? चौकोनात रस, रन, सन, नन अशी चार घरे भरतील. म्हणजे दोन भाग रोम्युलस, एक भाग स्टिकिअस, एक भाग नरासारखी. आणि मुलगे? त्यांच्याही घरांत हेच चार प्रकार आहेत, पण दिसायला सगळे सारखे. जनुकांची रचना आणि बाहेर दिसणारे रूप यांतला फरक समजावायला वाटाण्यापेक्षा हे उदाहरण सरस आहे, असे आम्हांला वाटते.

पण एकाच जागेने पंखाचा पट्टा, डाग, त्यांचे रंग अशी सगळी वेशभूषा कशी बदलावी? मेमनॉनवरच्या कामातून क्लार्क आणि शेपर्ड यांनी याचे एक उत्तर सुचवले. ही 'एक जागा' म्हणजे एक जनुक नसून शेजारी शेजारी घट्ट चिकटलेल्या अनेक जनुकांचा गठ्ठा असावा. तो सहसा तुटत नाही, म्हणून संपूर्ण सोंग एकगठ्ठा वारशात मिळते. अशा गठ्ठ्याला 'महाजनुक' म्हणतात.

छंदाचा एक अनपेक्षित लाभ

येथे थोडे आडवाटेला जावेसे वाटते. माणसाच्या ऱ्हीसस रक्तगटाचे जनुकही असेच शेजारी चिकटलेले आणि एकत्र वारशाने येणारे आहेत, असे त्या काळी मानले जात होते. फुलपाखरांतल्या या साम्यामुळे क्लार्कचे लक्ष ऱ्हीससकडे वळले. ऱ्हीसस-निगेटिव्ह आईच्या पोटी ऱ्हीसस-पॉझिटिव्ह मूल असेल, तर बाळंतपणाच्या वेळी मुलाच्या काही रक्तपेशी आईच्या रक्तात शिरतात. आईचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले मूल बहुधा वाचते, पण पुढच्या गर्भाच्या रक्तपेशी ही प्रतिद्रव्ये फोडून टाकतात. त्या काळी कितीतरी बाळे याने दगावत.

क्लार्क, त्यांचे तरुण सहकारी रोनाल्ड फिन आणि इतरांनी १९६०च्या दशकात यावर उपाय शोधला. तीच प्रतिद्रव्ये तयार स्वरूपात बाळंतपणानंतर लगेच आईला टोचायची. मुलाच्या पेशींची आईच्या शरीराला दखल लागण्याआधीच त्या नष्ट होतात, आणि आई स्वतः प्रतिद्रव्ये बनवत नाही. न्यूयॉर्कमध्येही फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक या त्रयीने स्वतंत्रपणे हेच साधले. 'अँटी-डी' नावाने हे इंजेक्शन आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतही दिले जाते. फुलपाखरांचा आणि रुग्णांचा काय संबंध, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकीकत जरूर सांगावी. मात्र फुलपाखरांतून थेट औषध निघाले, असे सांगू नये. एका क्षेत्रात लागलेली विचाराची सवय दुसऱ्या क्षेत्रात उपयोगी पडली, इतकेच खरे.

बटण सापडले

शेपर्ड १९७६ साली वारले, क्लार्क २००० साली. 'महाजनुक' प्रत्यक्षात काय आहे, हे पाहण्याची साधने त्यांच्या काळात नव्हती. डीएनएची अक्षरे भराभर वाचण्याची तंत्रे आल्यावर हा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला. भारतीय द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरच्या इंग्रजी पुस्तकामुळे आपल्याकडच्या निसर्गप्रेमींना परिचित असलेले कृष्णमेघ कुंटे, शिकागो विद्यापीठाचे मार्कस क्रॉनफोर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी संकर घडवून आणि डीएनए वाचून ती जागा शोधत शोधत अरुंद केली. २०१४ साली त्यांनी निकाल जाहीर केला. अनेक जनुकांचा गठ्ठा अपेक्षित होता. सारा भार पडला तो एकाच जनुकावर. त्या जनुकाचे नाव 'डबलसेक्स'.

हे नाव फळमाशीवर काम करणाऱ्यांना जुने होते. कीटकांच्या शरीराची घडण नराची व्हावी की मादीची, हे ठरवणारे हे एक मुख्य जनुक. त्याच्या एकाच संदेशाची कातरजोड दोन तऱ्हांनी होते आणि नरात एक, मादीत दुसरे अशी दोन वेगळी प्रथिने तयार होतात. नरांच्या अंगात नकलेचा घटक असूनही तो का दिसत नाही, या फ्रायरच्या कोड्याची किल्ली इथेच आहे. जनुक दोघांतही असते, पण नरात त्याची नराची आवृत्तीच वाचली जाते. मादीत, कोषातल्या वाढत्या पंखांमध्ये, नक्कल करणारा पर्याय अधिक जोमाने काम करतो आणि रंगांचा आराखडा बदलतो.

पुढच्याच वर्षी, २०१५ साली, टोकियो विद्यापीठाच्या गटाने याला प्रयोगाची जोड दिली. नक्कल करणाऱ्या मादीच्या कोषावस्थेतल्या पंखात त्यांनी या जनुकाचा संदेश दाबून टाकला. जेथे तो दबला, तेथे पंखावर नरासारखी नक्षी उमटली. त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. नक्कल करणाऱ्या पर्यायात डबलसेक्स असलेला सुमारे १,३०,००० अक्षरांचा डीएनएचा तुकडा उलटा बसलेला आहे. पोथी शिवताना मधली काही पाने उलटी शिवली जावीत, तसा हा प्रकार. सुलट आणि उलट तुकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणून त्यांच्यात अदलाबदल होत नाही. दोन्ही पर्याय आपापल्या वाटेने बदल साठवत जातात आणि त्यांची सरमिसळ होत नाही. मेमनॉनमध्येही नकलेचे बटण डबलसेक्सच असल्याचे नंतर आढळले, पण तेथे तुकडा उलटलेला नाही. तेव्हा उलटा तुकडा हेच सगळे रहस्य, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ब्लू मॉर्मन हे या मेमनॉनचे जवळचे नातलग. त्याची मादी मात्र जवळजवळ नरासारखीच दिसते.

डार्डेनसमध्ये नकलेची जागा दुसऱ्याच जनुकांशी, 'एन्ग्रेल्ड' आणि त्याच्या जोडीदाराशी निगडित असल्याचे दिसते. एकाच प्रकारचे सोंग निसर्गाने वेगवेगळ्या बटणांनी वठवले आहे.

मग जिंकले कोण?

असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. सरळ उत्तर असे की प्रत्येकाच्या म्हणण्यातला काही भाग टिकला. फ्रायरचे दोन घटक टिकले नाहीत, पण रूपे मेंडेलच्या नियमांनी चालतात आणि नर ती लपवून ठेवतो, हे त्याचे निरीक्षण टिकले. एका जनुकाने इतका मोठा फरक पडू शकतो, हे पनेटचे म्हणणे खरे निघाले. आजचे रूप एका उडीत आले, हे मात्र टिकले नाही. डबलसेक्सच्या दोन पर्यायांत एखादाच फरक नाही, तर साठत गेलेले पुष्कळ फरक आहेत. मोठे पहिले पाऊल आणि त्यानंतरची बारीक सुधारणा, असा मेळ आज बहुतेकांना पटतो. चिकटलेल्या अनेक जनुकांची क्लार्क-शेपर्ड यांची कल्पना पॉलिटेसपुरती एका जनुकाच्या आत मावली. वेगवेगळे बदल एकत्र राखून ठेवण्याचा तिच्यातला गाभा मात्र कायम राहिला.

आणि फिशरचा दाखला? नकलेचे बटण कसे असेल हे समजावताना त्याने लिंगभेदाच्या बटणाची उपमा घेतली होती. त्याला डबलसेक्स हे जनुक ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पॉलिटेसमध्ये नकलेचे बटण म्हणून सापडले ते लिंगभेदाचेच जनुक. हा योगायोग आहे, भाकीत नव्हे; पण जुनेच यंत्र नव्या कामाला जुंपणे ही उत्क्रांतीची नेहमीची रीत आहे, हे यातून चांगले समजते.

शिक्षकांसाठी शेवटी एक सूचना. कढीपत्त्यावरच्या पाच-सहा अळ्या पानांसकट जाळी लावलेल्या खोक्यात ठेवाव्यात, रोज ताजी पाने द्यावीत आणि प्रत्येकीची तारीखवार नोंद मुलांकडून ठेवून घ्यावी. फुलपाखरे निघाली की नर किती, कोणत्या रूपाची मादी किती, हे लिहून त्यांना सोडून द्यावे. एवढ्याशा आकड्यांवरून गुणोत्तर काढू नये. ते मिळणार नाही, आणि का मिळणार नाही हाही एक धडाच आहे. पण दरवर्षी, एकाच झाडावरच्या, एकाच वहीत नोंदी होत राहिल्या, तर पाच-सात वर्षांत तुमच्या गावात कोणते रूप किती प्रमाणात आहे याचा अंदाज येईल. त्याच वहीत आसपास कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ किती दिसतात, हेही टिपावे. नक्कल करणाऱ्या माद्यांचे प्रमाण मूळ फुलपाखरांच्या संख्येशी जुळते का, हा बेट्सच्या विचारातून निघणारा प्रश्न तुमची वही पुढे ठेवून मुलांना विचारता येईल.